आधी कान झाका, मग गाणं लावा

आजचा विषय ऐकून काही जणांना हसू आलं असेल. ट्रॅक्टर चालवताना गाणी ऐकावीत का, आणि कानांवर संरक्षण चढवून ती ऐकता येतात का, एवढाच विषय. त्यासाठी अख्खं व्याख्यान कशाला, असंही वाटेल. पण पंचवीस मिनिटं द्या.

मी इंदूरला असते. कानांच्या तपासण्या करणं हा माझा व्यवसाय. माळव्यातून, निमाडातून, खाली बऱ्हाणपूरकडून माणसं येतात, त्यांत घरी मराठी बोलणारी बरीच. चाळिशी-पंचेचाळिशीतला शेतकरी सहसा स्वतःहून येत नाही, बायको घेऊन येते. तक्रारही तीच सांगते. "टीव्ही फार मोठा लावतात." आणि दुसरं वाक्य जवळपास ठरलेलं असतं, "मी बोलते ते यांना ऐकू जातं, पण कळत नाही."

हे दुसरं वाक्य फार नेमकं आहे. आपल्या आतल्या कानात, त्या शंखासारख्या भागात, प्रत्येक बाजूला साधारण १५-१६ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या कंपनांचं मेंदूला कळेल अशा संदेशात रूपांतर त्या करतात. मोठा आवाज रोज तासन् तास पडला की त्या थकतात, आणि थकता थकता मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मरण्याची सुरुवात सगळीकडे सारखी होत नाही. यंत्रांच्या आवाजानं पहिला खड्डा पडतो तो ४००० हर्ट्झच्या आसपास. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख ज्या उंच सुरांवर ठरते, तो हा भाग. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. म्हणून माणसाला बोलणं चालू आहे हे ऐकू येतं, पण 'साठ' म्हणाले की 'आठ', ते उमगत नाही. मंडीत भाव बोलताना हा फरक किती पडतो ते तुम्हाला सांगायला नको. मी येणाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारते, रात्री रातकिडे ऐकू येतात का? बरेच जण म्हणतात, "हल्ली रातकिडे राहिलेच कुठे, फवारण्यांनी मेले." बायको शेजारी बसून मान हलवत असते. तिला ऐकू येतात.

हे काही नवीन ज्ञान नाही. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं की तांबट दिवसभर भांडी ठोकून बहिरे होतात. पुण्यातल्या तांबट आळीतल्या जुन्या कारागिरांना ते पुस्तक वाचायची गरज नव्हती. आपल्या कारखान्यांच्या कायद्यात आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदलेला आहे. पण शेत म्हणजे कारखाना नव्हे. ट्रॅक्टरवर बसलेला माणूस कुणाच्या नोंदवहीत येत नाही.

आता ट्रॅक्टर किती आवाज करतो ते पाहू. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर उघडे, केबिन नसलेले. चालकाच्या कानाशी भार आणि रेस यांनुसार साधारण ९० ते १०० डेसिबल आवाज पडतो. बुदनीला, भोपाळपासून फार लांब नाही, केंद्र सरकारची कृषी यंत्रं तपासणारी संस्था आहे. तिथे ट्रॅक्टरची चाचणी होते तेव्हा चालकाच्या कानाशी आवाज मोजतात आणि अहवालात तो आकडा छापतात. ट्रॅक्टर घेताना आपण डिझेल किती पितो विचारतो, हायड्रॉलिक किती उचलतं विचारतो. हा आकडा विचारलेला मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

डेसिबलचा हिशोब जरा फसवा असतो, म्हणून सावकाश सांगते. अमेरिकेत नायॉश म्हणून कामगारांच्या आरोग्याची सरकारी संशोधन संस्था आहे. तिच्या मते ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास काम करावं, त्याहून जास्त नाही. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत ८ तासांना ९० डेसिबल चालतात, पण मी या कडक हिशोबानं जाते, कारण कान देशाप्रमाणे बदलत नाहीत. ९५ डेसिबलचा ट्रॅक्टर धरला तर दिवसभराचा कोटा पाऊण तासात संपतो. आणि पेरणीच्या दिवसांत माणूस दहा-दहा तास त्यावर बसतो.

मग गाणं. आधी माझं मत सांगून टाकते. गाण्याला माझा विरोध नाही. आपल्याकडे शेतीचं काम बिनगाण्याचं कधी नव्हतंच. मोटेवर गाणी होती, कापणीला भलरी होती, जात्यावर ओव्या होत्या. बैलांच्या मागे चालणारा माणूस गुणगुणू शकत होता, कारण घुंगरांखेरीज दुसरा आवाज नव्हता. डिझेलचं इंजिन आलं आणि गाणं त्याखाली दबलं. अमेरिकेत १९५० च्या दशकात ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवायचे रेडिओ मिळायचे. म्हणजे ही भूक फक्त आपली नाही. दहा तास एकच पट्टा मागे-पुढे करणाऱ्या माणसाला डोक्यात काहीतरी हवं असतं. नाहीतर डुलकी लागते, आणि ट्रॅक्टरवर डुलकी म्हणजे काय ते वेगळं सांगत नाही.

गडबड होते ती गाणं ऐकण्याच्या पद्धतीत. बहुतेक जण साधे इअरफोन कानात घालतात, वरून टॉवेल गुंडाळतात. इंजिनाचा आवाज ९५. तीन सिलिंडरचं इंजिन १८०० फेऱ्यांवर चालत असेल तर सेकंदाला ४५ ठोके पडतात. म्हणजे तळाचा, खर्जाचा, जाड आवाज. जाड आवाजाचा एक दुर्गुण आहे, तो आपल्या वरच्या पट्टीतल्या सुरांना गिळतो. गाण्यातले शब्द, बासरी, टाळ यांना तो आधी खातो. ते परत ऐकू यावेत म्हणून बोट आपोआप आवाज वाढवायच्या बटणावर जातं. गाणं ९८ पर्यंत चढवलं की जरा मजा येते. आता ९५ चं इंजिन आणि ९८ चं गाणं मिळून जवळपास १०० होतात. १०० ला किती वेळ म्हणालो होतो? १५ मिनिटं. म्हणजे तीन-चार गाणी.

वाईट हे की असं ऐकताना काही दुखत नाही. संध्याकाळी कानात जरा 'सूं' असा आवाज राहतो, ऐकणं कापूस भरल्यासारखं होतं, सकाळपर्यंत बरं वाटतं. 'बरं वाटतं' म्हणून कुणी मनावर घेत नाही. तो 'सूं' आवाज हा इशारा असतो. काहींच्या बाबतीत मग तो जातच नाही, रात्री उशीवर डोकं टेकलं की सुरू होतो.

दुसरी पद्धत अशी, की आधी इंजिनाला दाराबाहेर ठेवायचं आणि मग आत हळू आवाजात गाणं लावायचं. दार म्हणजे इअरमफ. मोठ्या हेडफोनसारखा दिसतो, पण कानावर बसत नाही, कानाभोवती बसतो, आणि गादीनं कडा बंद करतो. पाकिटावर एनआरआर म्हणून आकडा असतो, २५, ३० वगैरे. तो प्रयोगशाळेतला. शेतात घाम, धूळ, चष्मा, सैल पट्टा हे सगळं धरून निम्म्यावर समाधान माना. ३० लिहिलेल्यानं १५ कमी केले असं धरू. मग ९५ चे कानापाशी ८० राहिले. त्यात ७८ वर गाणं लावलं, तर दोन्ही मिळून ८२. तेच इंजिन, तेच गाणं, पण १०० च्या जागी ८२. दिवसभर चालेल. शिवाय गाणं जास्त चांगलं ऐकू येतं, कारण त्याला गिळणारा खर्ज बाहेर राहिलेला असतो.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. कान झाकणारी वस्तू किती चांगली आहे यापेक्षा ती किती वेळ डोक्यावर राहते याला जास्त किंमत आहे. समजा तुम्हाला अगदी आदर्श, पूर्ण ३० डेसिबल कमी करणारा इअरमफ मिळाला. ८ तासांत तो फक्त अर्धा तास काढून ठेवला. किती संरक्षण उरलं असेल? तुम्ही म्हणाल, २८ तरी. उरतात १२. उघड्या अर्ध्या तासात कानावर जे पडतं, ते झाकलेल्या साडेसात तासांच्या मानानं इतकं प्रचंड असतं. आणि नुसता मुका इअरमफ माणूस काढतोच. कंटाळा येतो, कोंडल्यासारखं वाटतं, कान खाजतो. आत हळू आवाजात गाणं असेल तर तो काढत नाही. म्हणून सुरक्षेचं काम करणाऱ्या काही मंडळींना गाण्याचे इअरमफ म्हणजे लाड वाटतात, ते मला पटत नाही. गाण्यामुळे झाकण डोक्यावर टिकत असेल तर गाणं औषधाच्या गोळीवरची साखर आहे, खाऊ दे.

पण साखर किती, त्याला माप हवं. युरोपात ईएन ३५२ नावाचं मानक आहे, त्याचा आठवा भाग खास रेडिओ-गाण्याच्या इअरमफसाठी आहे. त्यात आतल्या गाण्याची कमाल मर्यादा ८२ डेसिबल. म्हणजे बटण कितीही फिरवा, त्यापुढे जात नाही. ब्लूटूथवाला इअरमफ घेताना खोक्यावर ही खूण शोधा. नुसत्या संरक्षणाच्या साध्या मफसाठी आपलं भारतीय मानक आहे, आयएस ९१६७. बाजारात 'नॉइज कॅन्सलिंग' म्हणून जे हेडफोन मिळतात ते विमानात, रेल्वेत छान. एकसारखा खर्ज ते चांगला मारतातही. पण कानाचं संरक्षण म्हणून त्यांची चाचणी झालेली नसते, वरच्या पट्टीतला कर्कश आवाज अडवण्यात ते मफइतके पक्के नसतात, आणि बॅटरी संपली की राहतो नुसता पातळ प्लास्टिकचा तुकडा.

ब्लूटूथवाला मफ महाग वाटतो, हे मला मान्य आहे. साधा मफ काही शेकड्यांत येतो. तर मग बिनतारी इअरबड कानात आणि वरून साधा मफ, हे चालतं. तारेचे इअरफोन नकोत, तार गादीखालून बाहेर येते आणि तिथून आवाज आत शिरतो. इअरबडला मात्र वर सांगितलेली ८२ ची मर्यादा नसते, ती तुम्हालाच घालायची. त्याची एक घरगुती रीत सांगते. बांधावर इंजिन बंद करून बसा. मफ-बड सगळं चढवा. गाणं इतक्याच आवाजात लावा की शांततेत सहज, सुखानं ऐकू यावं. फोनवर पट्टी कुठे आहे ते बघून ठेवा. दिवसभर तीच पट्टी. इंजिन सुरू केल्यावर गाणं ऐकू येईनासं झालं, तर गाण्याचा आवाज वाढवायचा नाही. याचा अर्थ दार नीट बंद झालेलं नाही. गादी फाटली असेल, चष्म्याची दांडी मध्ये येत असेल, टॉवेलचं टोक अडकलं असेल. ते बघा. बऱ्याच फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवून ठेवायची सोय असते, ती लावून टाका, म्हणजे बोटाला मोह होणार नाही.

काय ऐकता, यानंही फरक पडतो. पाठ असलेलं गाणं फार हळू आवाजात चालतं, कारण गाळलेल्या जागा मेंदू स्वतः भरतो. भजन, जुनी सिनेमाची गाणी, उत्तम. बातम्या, क्रिकेटचं समालोचन, नवं कीर्तन यांत प्रत्येक शब्द पकडावा लागतो, म्हणून माणूस आवाज चढवतो. समालोचन ऐकायचंच असेल तर चहाच्या वेळी ऐका. ही माझी व्याख्यानंसुद्धा ट्रॅक्टरवर ऐकू नका.

आता आक्षेप. पहिला आक्षेप नेहमी हाच असतो, की "मॅडम, कान झाकले तर यंत्राचा आवाज कसा कळणार?" हा प्रश्न चांगल्या चालकाचा आहे. रोटाव्हेटर दगडावर गेला, बेअरिंग बोलायला लागलं, इंजिनावर भार आला, हे तो कानानं ओळखतो. उत्तर असं की ज्याचे कान अजून चांगले आहेत त्याला चांगल्या मफमधून हे सगळं कळतं. इंजिनाचा खर्ज मफ पूर्ण अडवत नाही, आणि सीटमधून, स्टिअरिंगमधून तो अंगालाही कळतो. उलट आवाज खाली आल्यामुळे वेगळा खडखडाट जास्त उठून दिसतो. चार-आठ दिवस सवयीला लागतात. ज्याचे कान आधीच गेलेत त्याला मात्र मफमध्ये अडचण होते, हे खरं आहे. त्यानं गाणं पूर्ण बंद ठेवावं आणि हलका मफ वापरावा. गाण्याचा आवाज यंत्रावर कुरघोडी करायला लागला तर तो जास्तच आहे, हे सगळ्यांनाच लागू.

दुसरा आक्षेप यंत्राचा नाही, माणसांचा आहे, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. पीटीओचा दांडा ५४० फेऱ्यांनी फिरतो, म्हणजे सेकंदाला ९. उपरण्याचं टोक त्यात गेलं तर ओरडायला आणि ऐकायला फार वेळ मिळत नाही. म्हणून मागे कुणी काम करत असेल, थ्रेशरवर बायामाणसं असतील, पोरं आसपास असतील, तर गाणं बंद. मफ राहू द्या, गाणं बंद. सुरुवात करण्याआधी हाताच्या खुणा ठरवा, हात वर म्हणजे थांब, एवढं तरी. आणि ट्रॅक्टर हलवण्याआधी, विशेषतः मागे घेताना, आधी गाणं थांबवायचं, वळून बघायचं, मग क्लच सोडायचा. एकट्यानं, उघड्या रानात, नांगरट किंवा पाळी चालू असताना गाणं. तेवढीच त्याची जागा. फोन आला तर थांबून घ्या.

रस्त्यावर आलात की कानातलं गाणं बंद, एका कानातलंसुद्धा. मफही मी रस्त्यावर उतरवायला सांगते, मागच्याचा हॉर्न कळायला हवा. इथं कोल्हापूर-सांगली आणि बेळगावकडचे ऊसवाले आठवतात. मागे दोन ट्रॉल्या, आणि मडगार्डवर डबे बांधून गाणी इतकी मोठी की गाव जागं व्हावं. पंजाबातही हा शौक आहे. ते गाणं इंजिनावर मात करायला लावलेलं असतं, म्हणजे चालकाच्या कानावर दुहेरी मार, आणि मागून ओव्हरटेक करणाऱ्याचा हॉर्न त्याला ऐकूच येत नाही. थंडीतल्या पहाटे, धुक्यात, ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसताना हे काय असतं ते त्या रस्त्यांवरून गेलेल्यांना माहीत आहे. या चालकांचा जवळजवळ सगळा दिवस रस्त्यावरच जातो, त्यामुळे मफचा उपाय त्यांना पुरत नाही. त्यांनी सायलेन्सरकडे बघावं. तो फुटका असतो, किंवा हौसेनं काढलेला असतो. तो धड बसवला, बॉनेट-मडगार्डचे सैल नट आवळले, तर कानावरचा बराच भार तिथेच उतरतो.

उन्हाचं काय? हा प्रश्न विदर्भ-तेलंगणाकडून येतो. मे महिन्यातल्या नांगरटीत मफखाली घामाचं तळं होतं, खरंच. तिथे फोमचे इअरप्लग बरे, दहा-वीस रुपयांत जोडी मिळते. पगडी किंवा फेटा बांधणाऱ्यांनाही तेच सोयीचे, कारण कापडावर मफ बसला की कड उघडी राहते. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं डोक्यामागून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, आत सरकवून तो फुगेपर्यंत धरून ठेवायचा. निम्मा बाहेर लोंबत असेल तर तो दागिना झाला, संरक्षण नाही. आणि हात धुवून. खताचे, औषधाचे हात कानात घालू नका. ज्यांचा कान वाहतो त्यांनी प्लग अजिबात नको, आधी डॉक्टर. प्लगसोबत गाण्याची सोय नाही, हे ओघानं आलंच. त्या महिन्यात गाण्याला सुट्टी द्या, कानाला नको. कापसाच्या बोळ्याचा विचारही करू नका, त्यानं अडल्यासारखं वाटतं, अडत फारसं काही नाही.

शेवटी तपासणीचं सांगते आणि थांबते. ऑडिओमेट्री बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत होते. ट्रॅक्टरवरून उतरून थेट जाऊ नका, थकलेल्या कानाचा आलेख वाईट येतो. आदल्या संध्याकाळपासून कानांना विश्रांती द्या, किमान १४ तास, आणि सकाळी जा. दोन्ही कान वेगवेगळे तपासले जातात, ते नीट बघून घ्या, कारण मागच्या अवजाराकडे उजव्या खांद्यावरून सतत वळून बघणाऱ्यांचा डावा कान इंजिनाकडे राहतो आणि तो जास्त गेलेला आढळतो. ४००० हर्ट्झपाशी खड्डा आहे का, ते विचारा. आलेखाची प्रत मागून घ्या आणि ट्रॅक्टरच्या आरसी-विम्याच्या पिशवीतच ठेवा. ती पिशवी हरवत नाही. पुढच्या वर्षी विम्याचं नूतनीकरण करायला निघालात की पुन्हा एकदा तपासून या. पुढच्या भागात इअरमफच्या गाद्या घरी कशा बदलायच्या ते हातात घेऊन दाखवेन.